डी ड्राइव्हमधला ऐवज

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मोबाईलमध्ये गाणी भरून देणारी, नाटकाची पोस्टरं करणारी, लग्नपत्रिका जुळवणारी आणि हौसेनं वेबसाइट बांधून देणारी माणसं जी सॉफ्टवेअरं वापरत, त्यांची ही यादी. बरीचशी मोडीत निघाली. काही अजून चालू आहेत, पण त्यांना गिऱ्हाईक नाही. सगळी अवजारं दूर कुठे तरी, दुसऱ्याच कुणासाठी घडलेली. इथे ती चालवून घेतली. चालवून घेताना थोडंथोडं काही गळत गेलं, आणि बहुतेक वेळा गळालं ते नाव: गाण्याचं, गाणाऱ्याचं, गावाचं.

कार्ड भरणं

बस स्टँडसमोर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, आत एक कॉम्प्युटर, काचेवर चिकटवलेला कागद: गाने भरून मिळतील. गिऱ्हाईक फोनच्या पाठीतून नखाएवढं मेमरी कार्ड काढून देई, दुकानदार ते रीडरमध्ये सरकवी.

“भाऊ, दोन जीबीत किती बसतीन?”

“बसतीन तेवढे भरून देतो ना.”

१२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला जवळजवळ १ एमबी जागा लागते. चार मिनिटांचं एक गाणं धरलं तर दोन जीबीत पाचशेच्या आसपास. इतकी गाणी नावानिशी कोण मागणार? गिऱ्हाईक फोल्डर मागायचं. “भक्ती टाक, जुने टाक, डीजे टाक.”

दुकान कोणत्या गावात आहे हे फोल्डरांवरून ओळखता येई. सिरोंच्याला तेलुगू. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती त्या भागात आहेत. एटापल्ली-भामरागडला माडिया आणि गोंडी. चंद्रपूरला भीमगीतांचा फोल्डर सगळ्यांत फुगलेला. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात धम्मदीक्षा दिली, त्यामुळे त्या तारखेच्या आधी तो ताजा करावाच लागे. चैत्रात महाकालीच्या यात्रेआधी देवीची गाणी. भाषावार नकाशा काढायला निघालेल्या कुणी या दुकानांतले डी ड्राइव्ह उघडून पाहिले असते, तर त्याचं अर्धं काम झालं असतं.

धंदा बहुतांशी चोरीचा होता, हेही इथेच लिहून ठेवलेलं बरं. सिनेमाच्या गाण्यांचे मालक होते, त्यांना काही मिळालं नाही. गोंडी रेला गाणाऱ्या बाईलाही काही मिळालं नाही. तिची तर मालक म्हणूनही कुठे नोंद नव्हती.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं. तालुक्याच्या गावांत कार्ड भरणं त्यानंतर लवकरच ओसरलं. आतल्या भागात टॉवर उशिरा पोचले, काही ठिकाणी उभे राहिलेले जाळले गेले. तिथे कार्ड आणखी काही वर्षं भरली गेली.

विनॅम्प

१९९७चं. दुकानात याचा उपयोग गाणं ऐकण्यासाठी फारसा नव्हता, पहिली दहा सेकंदं वाजवून “हेच काय?” विचारण्यासाठी होता. खिडकी इवलीशी, तिच्यावर हवी ती कातडी चढवता येई, आणि दहा पट्ट्यांचा इक्वलायझर. त्यातल्या डाव्या तीन पट्ट्या सगळीकडे वर ढकललेल्या. ढोल ऐकायची सवय असलेल्या कानांना त्याहून कमी चालत नसे.

मालकी एओएलकडे गेली, २०१३ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली, पुढे दुसऱ्यानं विकत घेतलं. नाव अजून आहे. दुकानातून गेलं.

एम३यू

विनॅम्पमध्ये लावलेली यादी जतन केली की तयार होणारी फाईल. साधा मजकूर, कोणती फाईल कुठे आहे एवढंच त्यात. ‘मंडई २०११’, ‘वरात’, ‘गणपती रात्र’ अशा नावांच्या याद्या कुणीतरी जिवापाड निवडून केलेल्या असत. ड्राइव्हचं अक्षर डीचं ई झालं की सगळ्या ओळी आंधळ्या. गाणी जागच्या जागी, यादीला ती दिसत नाहीत. नोटपॅडमध्ये उघडून अक्षर बदललं की पुन्हा दिसतात. हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी याद्या वाचवल्या, बाकीच्यांनी ‘करप्ट झाली’ म्हणून पुसल्या.

तीस बाइट

एमपीथ्री फाईलच्या शेपटाला १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडण्याची युक्ती १९९६ साली निघाली. तिला आयडीथ्री टॅग म्हणतात. तीत गाण्याच्या नावाला ३० बाइट, गायकाला ३०, अल्बमला ३०, सालाला ४. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट, म्हणजे बरी सोय. युनिकोडची देवनागरी नेहमीच्या पद्धतीनं साठवली तर एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘झाडीपट्टी’ या इथल्या मुलखाच्या नावालाच २७ बाइट होतात. नाटकाचं नाव उरलेल्या तिनात बसवायचं.

पुढच्या आवृत्तीत जागेची अडचण सुटली. पण बाजारात मिळणारे स्वस्त प्लेअर आणि चायना मोबाईल जुनंच वाचत, आणि देवनागरी दिसली की प्रश्नचिन्हांची रांग मांडत. म्हणून नावं रोमन लिपीत गेली. एकाच गाण्याची चार स्पेलिंगं झाली, शोधायला गेलं की तीन सापडत नाहीत.

त्याच चिठ्ठीत संगीतप्रकारासाठी एक बाइट. प्रकारांची यादी आधीच ठरलेली, मुळात ८०, नंतर विनॅम्पनं वाढवलेली. तीत पोल्का आहे, बिबॉप आहे, ॲसिड जॅझ आहे. ‘ट्रायबल’ही आहे, ७२व्या क्रमांकावर. इथल्या दंडार, खडी गंमत, दंडीगान, ढेमसा यांना जावं लागतं १२व्या क्रमांकावर, म्हणजे ‘अदर’मध्ये. यादी करणाऱ्याचा यात दोष नाही. त्यानं आपल्या कपाटातल्या गाण्यांची यादी केली होती.

आणि जिथे नाव लिहिण्याची सोय होती तिथेही गायकाच्या रकान्यात बहुधा गाणं ज्या साइटवरून उतरवलं तिचा पत्ता असे. एका साइटनं तिचा शिक्का मारलेला, दुसरीनं त्यावर आपला.

एमपीथ्रीटॅग

फ्लोरियन हाइडेनराइख या जर्मन माणसानं केलेलं. चालू आहे, विंडोजवर फुकट आहे, आणि आजही या कामाला याच्याइतकं चांगलं हत्यार नाही. शेकडो फायली एकदम निवडा, साइटचे पत्ते एका फटक्यात काढा, फाईलच्या नावातून गायक आणि गाणं वेगळं करून आपापल्या रकान्यात टाका. ‘कॉमेंट’ नावाचा रकाना तर मोकळाच असतो: कुठे टिपलं, कधी, कुणाच्या घरी. वापरणारे मात्र थोडेच. दुकानदाराला टॅग सुधारायचे पैसे कुणी देत नव्हतं.

आपोआप ओळखणारीही साधनं आहेत. म्युझिकब्रेन्झचं पिकार्ड गाण्याच्या आवाजाचा ठसा घेतं आणि जगभरच्या नोंदींशी ताडून पाहतं. लता मंगेशकरांचं गाणं ओळखतं. सिंदेवाहीच्या कुणी मांडवात टिपलेला गोंधळ ओळखायचा तर तो आधी कुणीतरी नोंदवलेला हवा.

गोंडी न्यू २

फोल्डरचं नाव. यातली गाणी कुणाची, माडिया की राजगोंडांची, लग्नातली की पंडुमाच्या सणातली, हे नावावरून कळायचा मार्ग नाही. १ आणि ३ क्रमांकाचे फोल्डर असतातच असं नाही.

मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली, गुंजाला गोंडी २०१८ साली. गुंजाला गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, म्हणजे जिवतीच्या डोंगरापलीकडचं. गोंडीतलं नाव गोंडीत लिहायची सोय झाली तेव्हा फोल्डर करणारी दुकानं मोबाईलची कव्हरं विकू लागली होती.

भरल्याचा क्रम

पेनड्राइव्हवर वाजणारे स्वस्त स्पीकर गाणी नावाच्या क्रमानं लावत नाहीत. ज्या क्रमानं ती भरली गेली त्या क्रमानं लावतात. ड्राइव्हच्या कोष्टकात जी नोंद आधी, ती आधी. हे दुरुस्त करणारी छोटी सॉफ्टवेअरं मिळत, ड्राइव्हसॉर्ट वगैरे. दुकानदार त्या भानगडीत पडत नसे. सगळं पुसून, हवं त्या क्रमानं एकेक पुन्हा कॉपी करी. भजनी मंडळाला आधी गुरुवंदना आणि शेवटी आरती हवी असते, उलट चालत नाही.

फॉरमॅट फॅक्टरी

झाडीपट्टीचं नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गाणी तिथल्या तिथे गायली जातात, वाद्यं मंचासमोर. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला ही रंगभूमी नव्यानं कळली. इथल्यांना ती दिवाळीनंतर दरवर्षी कळते. तिच्या गाण्यांतलं फार थोडं बाजारात कॅसेटवर आलं. जे उरलं आहे ते प्रेक्षकांनी फोन उंच धरून टिपलेलं.

हे टिपण एएमआर नावाच्या साच्यात होई. तो साचा फोनवरच्या बोलण्यासाठी बनवला होता: ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं तो टाकून देतो, आणि मिनिटाला ९० केबीच्या आसपास जागा घेतो. बोलणं कळतं. पेटी बऱ्यापैकी कळते. टाळ, झांज, घुंगरू यांचा नुसता खडखडाट राहतो.

अशी फाईल दुकानात आली की फॉरमॅट फॅक्टरीतून एमपीथ्री करून मिळे. आकार दसपट व्हायचा, आवाज होता तेवढाच. गिऱ्हाईक खूश, कारण आता ते गाणं स्पीकरवर वाजत होतं. मूळ एएमआर फाईल तिथेच पुसली जाई, आणि टिपल्याची तारीख तिच्याबरोबर. नव्या फाईलवर दुकानातल्या कॉम्प्युटरची तारीख पडे. त्याची बॅटरी गेलेली असली तर १ जानेवारी २००२.

नॉइज रिमूव्हल

ऑडॅसिटीत आणि त्याआधीच्या कूल एडिटमध्ये. कूल एडिट २००३ साली अडोबीनं घेतलं आणि ऑडिशन या नव्या नावानं विकायला काढलं. छोट्या स्टुडिओंत मात्र जुन्या नावानंच चालत राहिलं. नाटकाच्या प्रचाराच्या गाडीवर भोंग्यातून जी ओरड गावोगाव फिरते, ती अशाच कुठल्या तरी खोलीत यावर कापली-जोडली जाई.

युक्ती अशी: गाणं सुरू होण्याआधीचा गप्प तुकडा निवडायचा, ‘हा गोंगाट’ असं सॉफ्टवेअरला सांगायचं, आणि मग तेवढा गोंगाट सबंध फितीतून वजा करायचा. टेपरेकॉर्डरच्या सूं आवाजावर उत्तम. उघड्या मैदानात टिपलेल्या गाण्यात गप्प तुकडा कुठून आणणार? रातकिडे असतात, जनरेटर असतो, पोरं रडत असतात. ते सगळं गोंगाट म्हणून दाखवलं की सॉफ्टवेअर खंजिरीच्या चकत्यांचा झणकारही त्यातलाच समजून खाऊन टाकतं. तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर उभी आहेत, आणि चिमूर-गोंदोड्याच्या मुलखात त्यांच्या चालीवर म्हणणारी मंडळं गावोगाव. त्यांच्या जुन्या कॅसेटी ‘क्लीन’ करून दिलेल्या ऐकल्या तर खंजिरी पाण्याखाली वाजते आहे असं वाटतं. माझं मत विचाराल तर सूं आवाजासकट ठेवावं.

डीजेचा शिक्का

फ्रूटी लूप्स या सॉफ्टवेअरवर गाण्याखाली ढोलाचा ठोका घालायचा आणि दर मिनिटाला आपलं नाव आणि गाव आपल्याच आवाजात वरून बोलायचं. याला कलेची नासाडी म्हणायची पद्धत आहे. या सबंध यादीत नाव आणि गाव जिथे पुसलं गेलं नाही अशी ही एकच जागा.

शेअरइट, झेंडर

नेट नसताना एका फोनमधून दुसऱ्यात गाणं पाठवायची ॲप. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, टॉवरही बऱ्याचदा बंद. गाणी फिरत राहत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती. जंगलातल्या या उपयोगाचा विचार त्या यादीच्या वेळी कुणी केला असेल असं वाटत नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

डोंगल

श्रीलिपी हे मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं की बरोबर बोटभर कुलूप येई. ते कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावलं तर मराठी उमटे, नाही तर नाही. प्रेसमालक घरी जाताना ते काढून खिशात घालत.

क्रुतीदेव

टंकलेखन शिकलेल्या हातांसाठीचा फॉन्ट. यात मराठी दिसते, पण असते इंग्रजी: ‘नाटक’ हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी यू, के, व्ही, डी असा असतो, त्यावर फॉन्ट मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट आहे तोवर सगळं ठीक. तो नसलेल्या मशीनवर ग्रामसभेचे ठराव, कवितासंग्रहांची हस्तलिखितं, पोस्टरं, सगळं यूकेव्हीडी.

युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तकं आहेत. काही सी-डॅकची, मायक्रोसॉफ्टचं टीबीआयएल होतं, काही हौशी लोकांनी फुकट लिहून दिलेली. ती वापरताना दोन ठिकाणी डोळे ठेवावे लागतात: ह्रस्व वेलांटी, कारण जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप होते, आणि रफार, कारण तो नंतर. वेलांटी चुकून शेजाऱ्याला गेली की माणसाचं आडनाव बदलतं.

एक्सपीची सीडी

विंडोज एक्सपीत युनिकोड मराठी होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या एका चौकोनात खूण करायची, की ते मूळ सीडी मागे. दुकानांतल्या बहुतेक एक्सपी दुसऱ्याच्या सीडीवरून चढवलेल्या. सीडी ज्याच्याकडे, तो कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यात. मंगल हा फॉन्ट, र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकारानं काढलेला, अशा मशीनांवर वर्षानुवर्षं कामी आलाच नाही, अक्षरांच्या जागी चौकटी दिसत.

डायनॅमिक फॉन्ट

वाचणाऱ्याकडे फॉन्ट नसला तरी वेबसाइट मराठीत दिसावी म्हणून केलेली तजवीज. मायक्रोसॉफ्टच्या वेफ्ट नावाच्या अवजारानं फॉन्टची ईओटी फाईल करायची, पानाबरोबर पाठवायची. फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चाले. नेटस्केपसाठी दुसरी फाईल, दुसरं अवजार. मराठी वर्तमानपत्रांच्या साइट काही वर्षं अशाच चालल्या आणि इथल्या वेबसाइट करणाऱ्यांनी त्यांचं पाहून केलं.

त्या काळची काही पानं इंटरनेट आर्काइव्हनं साठवून ठेवली आहेत. पान उघडतं, चित्रं दिसतात, आणि बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा चुराडा. त्यात नेमका कोणता फॉन्ट होता हे कळलं तर वाचता येईल. साठवणाऱ्यानं आपलं काम चोख केलं आहे.

मार्की, हिट काउंटर, फ्लॅश

सरकती ओळ. किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा. साइट उघडताना चालत येणारा वाघ. तिन्ही गेली, फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिकृतपणे. पहिल्या दोनांचं दुःख नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या सरकारी साइटचा पत्ता मात्र अजून ‘चांदा’ या जुन्या नावाचाच आहे, आणि तो कुणी सुधारू नये.

सेव्ह

सेव्ह ॲज नव्हे, सेव्ह. झाडीपट्टीच्या पोस्टरच्या बाबतीत या एका कळीनं जेवढं नुकसान केलं तेवढं वाळवीनं केलं नसेल. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावचं मंडळ येतं, नाटक ठरवतं, पोस्टर सांगतं. कोरल ड्रॉमध्ये नाटकाचं पोस्टर एकदा तयार झालं की पुढच्या गावासाठी नवं करत नाहीत. तीच फाईल उघडायची, स्थळ बदलायचं, तारीख बदलायची, आयोजक मंडळाचं नाव बदलायचं, सेव्ह. प्रिंट गेली की पुढचं गाव. हंगामाच्या शेवटी फाईलमध्ये उरतं ते शेवटचं गाव. कोणतं नाटक कोणत्या रात्री कुठे झालं, शंकरपटाच्या शर्यतीला धरून की मंडईच्या जत्रेला, बदली नट कोण होता, याचा कॉम्प्युटरात एवढाच पुरावा. भिंतीवरचे कागद पावसात जातात.

जुनी फाईल आज उघडली तर कोरल ड्रॉ एक चौकट पुढे करतं: हे फॉन्ट सापडत नाहीत, त्याऐवजी कोणता लावू? ‘ओके’ दाबलं की नाटकाचं नाव पुन्हा यूकेव्हीडी. आता मुक्तासारखे चांगले युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात आणि नवी पोरं पोस्टर मोबाईलवरच करतात. तिथे तर फाईलही उरत नाही. व्हॉट्सॲपवर चित्र जातं.

निरो

सीडीवर गाणी जाळायचं सॉफ्टवेअर. नाव रोमच्या त्या बादशहावरून. ७०० एमबीत दीडशेहून जास्त गाणी. मार्करनं वर लिहिलेलं नाव घामानं पुसलं जाई. जास्त सांगण्यासारखं नाही.

हार्ड डिस्क

दुकानातला जुना कॉम्प्युटर अजून बऱ्याच ठिकाणी असतो, टेबलाखाली, वर टेम्पर्ड ग्लासचे खोके. आतली डिस्क जुन्या रुंद पट्टीच्या जोडणीची. ती यूएसबीला लावणारी केबल नागपूरला किंवा ऑनलाइन मिळते, महाग नाही. डिस्कला वेगळी वीज द्यावी लागते हे लक्षात ठेवावं. भंगारवाला अशा डब्याचे किलोवर पैसे देतो, तेव्हा बोलणी त्याच्याआधी व्हायला हवीत.

कॉपी करताना लोक एमपीथ्री तेवढ्या उचलतात. एम३यू, कोरल ड्रॉच्या सीडीआर आणि फॉन्टांच्या टीटीएफ फायलीही उचलाव्यातच; सीडीआर सोडल्या तर बाकीच्या काही केबींच्या असतात. फायलींच्या तारखा बदलू नयेत म्हणून सगळा फोल्डर झिप करून न्यावा. टॅगला तिथे हात लावू नये. आणि दुकानदार समोर आहे तोवर एकेक फोल्डर वाजवून विचारून घ्यावं: हे कोणत्या गावचं, ही बाई कोण, हे कुणी आणून दिलं? त्याला आठवत असतं. गाणं कार्डातून उतरवून घेताना त्यानं भरणावळ सोडलेली असते, आणि ज्याला पैसे सोडले त्या माणसाला दुकानदार सहसा विसरत नाही.